पाच मुलींची शाळा : बेगम रुकय्या सखावत हुसेन



पालकसभेत एक तक्रार मी दरवर्षी ऐकतो. मुलगा घरी सगळे पाठ धडाधड म्हणून दाखवतो, पण वर्गात उभे केले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मुलगी अभ्यासात चांगली आहे, पण चार माणसांसमोर जायचे म्हटले की दाराआड उभी राहते. यांच्यात आत्मविश्वासच नाही, तो कसा आणावा, असे पालक कळवळून विचारतात. विद्यार्थ्यांचेही म्हणणे वेगळे नसते. आधी आत्मविश्वास येऊ द्या, मग वक्तृत्व स्पर्धेत नाव देईन. आधी धीर येऊ द्या, मग परीक्षेचा फॉर्म भरीन. म्हणजे आत्मविश्वास ही कोठून तरी आधी मिळणारी चीज आहे आणि ती पदरात पडल्यावरच कामाला हात घालायचा असतो, अशी आपणा सर्वांची समजूत झालेली दिसते. विहिरीच्या काठावर बसून आजवर कोणी पोहायला शिकलेला नाही, हे ठाऊक असूनही आपण काठावरच बसून राहतो.

या समजुतीला उत्तर म्हणून आज मी आपणांस एका थोर स्त्रीची जीवनकहाणी सांगणार आहे. लहानपणी तिने शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती. तरीही तिने कलकत्त्यासारख्या शहरात मुसलमान मुलींची शाळा काढली आणि एकवीस वर्षे, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, चालवली. तिचे नाव बेगम रुकय्या सखावत हुसेन. बंगाली लोक त्यांना बेगम रोकेया म्हणतात.

रुकय्याबेगम यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील मोठे जमीनदार, घराणे खानदानी. घरात नोकरचाकर, धनधान्य यांची ददात नव्हती. वडिलांना अनेक भाषा येत आणि मुलांच्या शिक्षणावर त्यांनी खर्चही केला. दोन्ही थोरले भाऊ कलकत्त्याला सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. मुलींसाठी मात्र घराचा कायदा निराळा होता. कुराणशरीफ वाचता येण्यापुरते अरबी आणि घरात बोलण्यापुरती उर्दू आली की मुलीचे शिक्षण संपले. बंगाली आणि इंग्रजी या भाषा मुलींना मना होत्या.

पडद्याचा नियम तर इतका कडक की, वयाच्या पाचव्या वर्षापासून रुकय्याला परक्या पुरुषांपासूनच काय, परक्या बायकांपासूनही लपावे लागे. घरात बाहेरची कोणी बाई आली की इशारा व्हायचा आणि ही चिमुरडी दाराआड, पलंगाखाली, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसायची. एकदा तर पाहुण्या बायका काही दिवस राहिल्या, तेव्हा तेवढे दिवस या पाच वर्षांच्या मुलीला माळ्यावर लपून, अर्धपोटी काढावे लागले. वाचकहो, क्षणभर विचार करा. ज्या मुलीला माणूस दिसताच लपायला शिकवले, तिच्यात आत्मविश्वास कोठून यावा? आपल्या वर्गातल्या लाजऱ्या मुलीपेक्षा तिची अवस्था कितीतरी कठीण होती.

पण त्या घरात दोन माणसे तिच्या बाजूची होती. एक थोरली बहीण करीमुन्निसा. हिला बंगाली वाचनाची गोडी लागली होती. ती गोष्ट उघडकीस आली, नातेवाइकांत कुरबूर झाली आणि पंधरा वर्षांची होण्याआधीच तिचे लग्न लावून देण्यात आले. तरीही तिने वाचन सोडले नाही आणि धाकट्या बहिणीलाही बंगालीची ओढ लावली. दुसरे थोरले बंधू इब्राहीम साबेर. दिवसा शिकवणे शक्य नव्हते. म्हणून रात्री सगळे घर झोपले की हे भाईजान मेणबत्ती लावत आणि तिच्या उजेडात बहिणीला इंग्रजी व बंगाली शिकवत. पुढे मोठी लेखिका झाल्यावर रुकय्याबेगम यांनी आपली कादंबरी याच भावाला अर्पण केली.

त्या मेणबत्तीजवळ बसलेल्या मुलीला आपण पुढे काय होणार याची कल्पना असणे शक्य नव्हते. वडिलांना कळले तर काय, ही भीतीही असणारच. तरीही ती रोज रात्री उठून बसली आणि एकेक अक्षर गिरवत गेली. आज एक शब्द आला, उद्या एक वाक्य वाचता आले. भीती तेथेच होती, पण तिच्या शेजारी एक छोटी गोष्ट येऊन बसली. ती म्हणजे, काल जे येत नव्हते ते आज येते, ही जाणीव. आत्मविश्वासाची सुरुवात बहुधा याच जाणिवेतून होते.

विशीच्या आतच रुकय्याबेगम यांचा विवाह खानबहादूर सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते बिहारमधील भागलपूर येथे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. वयाने बरेच मोठे आणि बिजवर. आजच्या दृष्टीने हा विवाह विजोड वाटेल. पण सखावतसाहेब उदार मनाचे होते. पत्नीने शिकावे, लिहावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ते स्वतः उर्दू बोलणारे. भागलपुरात बंगाली बोलायला कोणी नाही. त्या वातावरणातही बेगमसाहेबांनी बंगालीत लेख लिहायला सुरुवात केली आणि १९०४ साली त्यांचे 'मोतीचूर' हे निबंधांचे पुस्तक निघाले. स्त्रियांच्या मागासलेपणाची कारणे त्यात त्यांनी इतक्या स्पष्टपणे मांडली की पुष्कळ लोक बिथरले.

याच काळातली एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. सखावतसाहेब सरकारी कामासाठी दोन दिवस दौऱ्यावर गेले होते. घरी एकट्या असलेल्या बेगमसाहेबांनी वेळ घालवायला म्हणून इंग्रजीत एक गोष्ट लिहायला घेतली. रात्री चोरून शिकलेले इंग्रजी ते. शाळा-कॉलेजाचे नाव नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. त्या गोष्टीत त्यांनी एक अजब देश कल्पिला. तेथे पुरुष घरात पडद्यात राहतात आणि स्त्रिया राज्यकारभार व विज्ञान सांभाळतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी खेचून घेतात, लोक हवेतून प्रवास करतात. पती परत आले, त्यांनी ते लिखाण उभ्या उभ्याच वाचून काढले आणि अतिशय खूश झाले. मग त्यांनी ते भागलपूरच्या इंग्रज कमिशनरांना भाषा तपासण्यासाठी दाखवले. कमिशनरांनी त्यात काही दुरुस्ती करण्याची गरज नाही असे कळवले. १९०५ साली ही गोष्ट मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन' या मासिकात छापून आली. तीच 'सुलतानाज ड्रीम'. सव्वाशे वर्षे होत आली, तरी जगभर ती वाचली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबू या. आपले इंग्रजी चांगले आहे अशी खात्री पटल्यावर लिहायला बसायचे, असे रुकय्याबेगम यांनी ठरवले असते तर ती खात्री त्यांना कधी पटली असती? आधी त्यांनी लिहिले, मग दाखवले, मग ते पसंत पडले आणि त्यानंतर खात्री आली. हा क्रम ध्यानात ठेवा.

यानंतरचा काळ फार दुःखाचा आहे. त्यांना दोन मुली झाल्या, पण दोघीही काही महिन्यांच्या असतानाच अल्लाहला प्यार्‍या झाल्या. सखावतसाहेबांना मधुमेहाने घेरले आणि त्यात त्यांची दृष्टी गेली. बेगमसाहेबांनी त्यांची रात्रंदिवस सेवा केली. परंतु ३ मे १९०९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाच्या अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी रुकय्याबेगम विधवा झाल्या. मूल नाही, पतीचा आधार गेला. मात्र सखावतसाहेबांनी हयातीतच मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्या काळचे दहा हजार म्हणजे मोठी रक्कम होती.

त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा विधवेने घराच्या कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य काढायचे. कोणी त्यांना नाव ठेवले नसते, उलट शाबासकीच मिळाली असती. पण पती जाऊन पाच महिने होतात न होतात तोच, १९०९ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांनी भागलपूरला पतीच्या नावाने मुलींची शाळा सुरू केली. विद्यार्थिनी किती होत्या, तर पाच.

आता जी गोष्ट सांगतो ती माझ्यासारख्या शिक्षकाला सर्वांत अधिक भावते. शाळा सुरू करणाऱ्या या बाईंनी शाळा आतून कधी पाहिलीच नव्हती. वर्ग म्हणजे काय, तासिका म्हणजे काय, हजेरी कशी घेतात, काही माहीत नव्हते. त्यांना स्वतःला भाऊ शिकवत असे तेव्हा एक शिकवणारा आणि एक शिकणारी, एवढेच होते. त्यामुळे एकच शिक्षिका एकाच वेळी पाच मुलींना कशी काय शिकवू शकते, याचेच त्यांना प्रथम नवल वाटे. हे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले आहे.

हे वाचले तेव्हा मला माझा पहिला तास आठवला. मी बी.ए., बी.एड. होऊन शाळेत लागलो होतो. सराव पाठ झाले होते, मानसशास्त्राचा पेपर झाला होता, पाठाचे टाचण सुंदर अक्षरात लिहून तयार होते. इयत्ता आठवीच्या वर्गात शिरलो आणि पन्नास जोड्या डोळे माझ्याकडे वळले तसा घसा कोरडा पडला. हजेरी घेताना आवाज इतका बारीक झाला की मागच्या बाकावरच्या मुलांना आपली नावे ऐकूच गेली नाहीत. त्या दिवशी पदवी माझ्या उपयोगी पडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात जाणे भाग होते म्हणून गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो. पंधरा-वीस दिवसांनी एकदा शिकवता शिकवता लक्षात आले की, आज भीती वाटायची राहूनच गेली. ती कोणत्या दिवशी गेली हे आजही सांगता येणार नाही. माझ्या पाठीशी निदान प्रशिक्षण तरी होते. रुकय्याबेगमपाशी तेही नव्हते. त्यांच्यापाशी पाच मुली होत्या आणि उद्या सकाळी त्या पुन्हा येणार होत्या.

भागलपूरची शाळा फार दिवस चालली नाही. सखावतसाहेबांच्या पहिल्या पत्नीची मुलगी आणि जावई यांच्याशी घरावरून व इस्टेटीवरून बखेडा निर्माण झाला आणि बेगमसाहेबांना ते शहर सोडावे लागले. म्हणजे पहिला प्रयत्न वर्षभरातच मोडला असे म्हणावे लागेल. एवढ्यावरून आपल्याला हे जमणार नाही असा निष्कर्ष काढायला जागा होती. पण त्या कलकत्त्याला आल्या. १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला लेनमधील एका भाड्याच्या घरात त्यांनी 'सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल' पुन्हा सुरू केले. दोन बाके आणि आठ विद्यार्थिनी. पाचांच्या आठ झाल्या, हीच काय ती प्रगती.

या वेळी मात्र आपल्याला काय येत नाही हे त्यांना भागलपूरच्या अनुभवाने नेमके कळले होते. म्हणून त्या कलकत्त्यातील ब्राह्मो आणि हिंदू समाजाच्या मुलींच्या शाळांत जाऊ लागल्या. तेथील शिक्षिकांशी ओळखी केल्या. वर्गात मागे बसून फळ्यावर कसे लिहितात, वेळापत्रक कसे आखतात, मुलींना रांगेत कसे उभे करतात हे पाहिले. मुख्याध्यापिका असलेल्या बाई दुसऱ्यांच्या शाळेत विद्यार्थिनीसारख्या बसत होत्या. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वाचकहो, काम हातात घेतले की प्रश्न नेमके होतात, आणि नेमका प्रश्न घेऊन गेले की शिकवणारा भेटतो. घरी बसून केलेल्या काळजीला मात्र कोणी उत्तर देऊ शकत नाही.

मुली आणायच्या कोठून, हा मोठा प्रश्न होता. बाई बुरखा घालून घरोघर जात आणि आईबापांची मनधरणी करीत. मुलीला शाळेत आणण्या-पोचवण्याची हमी देत, पडदा पाळला जाईल याची ग्वाही देत. इल्म मिळवणे स्त्री-पुरुष दोघांवरही फर्ज आहे, याची आठवण करून देत. शाळेत कुराणशरीफ अर्थासह शिकवले जाई. त्याबरोबर उर्दू, फारसी, इंग्रजी, शिवणकाम, स्वयंपाक, रुग्णसेवा आणि व्यायाम हेही विषय होते. बंगालीचे वर्ग पुढे सुरू झाले. पडद्याच्या अतिरेकावर कडाडून लिहिणाऱ्या या बाई स्वतः मात्र शाळेसाठी बुरखा पाळत राहिल्या. आपल्या एका कृतीने बिथरून पालकांनी मुली काढून घेतल्या तर नुकसान त्या मुलींचे होईल, हे त्या ओळखून होत्या.

तरीही टीका सुटली नाही. तरुण विधवा शाळेच्या निमित्ताने स्वतःचे प्रदर्शन मांडते, अशी कुजबूज झाली. वर्तमानपत्रांतून निंदा आली. शाळेचे पैसे ज्या बँकेत ठेवले होते ती बँकच बुडाली. मुसलमान शिक्षिका कलकत्त्यात मिळेनात, म्हणून मद्रास, गया, आग्रा अशा दूरच्या ठिकाणांहून बोलावाव्या लागल्या. इतके होऊनही १९१५ पर्यंत मुलींची संख्या ८४ झाली होती. एकेक घर, एकेक मुलगी असे करीत हा आकडा गाठला होता.

शाळेच्या गाडीची हकीकत बाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे शाळेने मुलींसाठी मोटार बस तयार करून घेतली. पडदा राहावा म्हणून ती चारी बाजूंनी बंद केलेली होती. हवेसाठी फक्त पुढे-मागे वरच्या बाजूला बोटभर रुंदीची जाळी. पहिल्याच दिवशी अंधाराने आणि उकाड्याने लहान मुली रडू लागल्या, काहींना ओकाऱ्या झाल्या. मग झडपा उघडून तेथे रंगीत पडदे लावले. तरीही काही मुलींना भोवळ आली, कित्येकींची डोकी दुखू लागली. संध्याकाळी पालक तक्रारी घेऊन आले की, अशा गाडीत आमच्या मुली मरून जातील. त्याच दिवशी निनावी पत्रेही आली. त्यांत लिहिले होते की, वाऱ्याने पडदे उडतात आणि गाडी बेपर्दा होते. यावर उपाय झाला नाही तर वर्तमानपत्रांत शाळेची बदनामी करू आणि मुलींना शाळेत येऊ देणार नाही. पडदे ठेवावेत तर एक संकट, काढावेत तर दुसरे.

अशा वेळी माणसाचा धीर खचतो. बाईंचाही खचला असेल. त्या लिखाणातून त्यांचा वैताग स्पष्ट दिसतो. आत्मविश्वास असलेल्या माणसाला वैताग येत नाही, रडू येत नाही, अशी आपली एक भाबडी कल्पना असते. बाईंना हे सगळे होत होते आणि दुसऱ्या दिवशी शाळाही भरत होती. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. भीती वाटली म्हणजे आपण नालायक ठरलो, असे नाही. भीती वाटत असतानाही दप्तर घेऊन निघता येते.

१९१६ साली बाईंनी 'अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम' ही स्त्रियांची संस्था स्थापन केली. गरीब विधवांना मदत, अनाथ मुलींची सोय, झोपडपट्टीतील स्त्रियांना अक्षरओळख, अशी कामे तिच्यामार्फत होत. पण सभा भरवणे सोपे नव्हते. ज्या स्त्रिया कधी उंबरठा ओलांडत नव्हत्या, त्यांना सभेला आणायचे म्हणजे घरोघर विनवण्या कराव्या लागत. एक बाई मोठ्या मुश्किलीने सभेला आल्या. सभा संपली, सगळ्या उठल्या, तेव्हा त्यांनी विचारले की, सभा दाखवते म्हणून मला आणले खरे, पण सभा कोठे दिसलीच नाही. सभा ही एखादी बघण्याची वस्तू असावी असे त्यांना वाटले होते. आपण यावर हसू, पण त्या बाई घराबाहेर पडल्या, चार बायकांत बसल्या आणि त्यांनी तोंड उघडून प्रश्न विचारला. माझ्या मते त्या दिवशीच्या सभेचे हे मोठे यश होते.

शिक्षिकांची अडचण बाईंच्या डोक्यातून कधी गेली नाही. त्यांनी सरकारकडे सतत पाठपुरावा केला आणि १९१९ साली कलकत्त्यात मुसलमान स्त्रियांसाठी अध्यापिका प्रशिक्षण शाळा निघाली. एक शिक्षिका पाच मुलींना कसे शिकवते याचे ज्यांना दहा वर्षांपूर्वी नवल वाटत होते, त्याच बाई आता शिक्षिका कशा घडवाव्यात याचा सल्ला देत होत्या. मधल्या दहा वर्षांत त्यांनी कोणतीही पदवी घेतली नव्हती. त्या रोज शाळेत गेल्या होत्या, एवढेच. १९२६ साली बंगालमधील स्त्रीशिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भाषण केले. पाहुण्या बायका आल्या की माळ्यावर लपणारी मुलगी परिषदेच्या व्यासपीठावर उभी होती. १९३० च्या सुमारास त्यांची शाळा पूर्ण हायस्कूल झाली. १९३१ साली 'अवरोधवासिनी' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पडद्याच्या अतिरेकाने स्त्रियांवर कसकसे प्रसंग येतात, त्याच्या खऱ्या हकीकती त्यात आहेत.

९ डिसेंबर १९३२ च्या पहाटे कलकत्त्यात त्यांचा इंतकाल झाला. वय अवघे ५२. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या लिहीत बसल्या होत्या. टेबलावर स्त्रियांच्या हक्कांवरचा एक लेख अपुरा राहिलेला सापडला. त्यांनी सुरू केलेली शाळा आज कोलकात्यात सरकारी हायस्कूल म्हणून चालू आहे, आणि बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस रोकेया दिन म्हणून पाळला जातो.

वाचकहो, कहाणी येथे संपली. आता आपल्याबद्दल दोन शब्द.

मुली सातवी-आठवी झाल्या की त्यांना घरी बसवण्याचा विचार अजूनही काही घरांत होतो. कारण विचारले तर बहुतेक वेळा गरिबी हे कारण पहिले नसते. तिला एस.टी.ने एकटीला जायला जमणार नाही, ती घाबरते, असे सांगितले जाते. पालकहो, ती घाबरते हे खरे आहे. पण ती भीती घरी बसून जाणार नाही, उलट दरवर्षी थोडी वाढेल. पहिले आठ दिवस तिच्याबरोबर स्टँडपर्यंत जा. नंतर मैत्रिणीच्या सोबतीने पाठवा. महिन्याने ती स्वतःच आपल्याला सांगेल की, अब्बा, तुम्ही आता यायची गरज नाही. रुकय्याबेगम यांनी प्रत्येक मुलीला घरून आणून पोचवण्याची हमी घेतली होती. आपण आपल्या एका मुलीची हमी घेऊ शकत नाही काय?

माझ्या वर्गातील एका मुलीची आई पालकसभेच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत जात असे. आपल्याला सही येत नाही, सर काही विचारतील आणि आपली फजिती होईल, असे तिला वाटे. हे मला मुलीकडून उशिरा कळले, आणि आपण कधी फाटकाबाहेर पाहिलेच नाही याची लाज वाटली. पुढच्या सभेला मी त्या मुलीला फाटकाशी उभे केले. ती आईचा हात धरून आत घेऊन आली. त्या दिवशी त्या माऊलीने अंगठा उठवला. त्यानंतर मुलीनेच घरी पाटी आणून तिला नाव गिरवायला लावले. वर्षअखेरीच्या सभेत तिने वहीवर सही केली. अक्षरे वाकडी होती आणि सही करायला बराच वेळ लागला. रांगेतल्या कोणीही घाई केली नाही. सही झाल्यावर तिने मुलीच्या इंग्रजीबद्दल मला दोन प्रश्न विचारले. पहिल्या खेपेला फाटकाबाहेरून परत जाणारी बाई ती हीच, असे सांगितले असते तर कोणाचा विश्वास बसला नसता.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, धीर येण्याची वाट पाहू नका. उद्या वर्गात एक प्रश्न विचारा, मग तो चुकीचा का असेना. संमेलनात चार ओळींचे निवेदन करा. पोस्टात किंवा बँकेत जाऊन वडिलांची स्लिप स्वतः भरा. चुकलात तर दुसरी स्लिप मिळते. काम लहान निवडा, पण आज करा, आणि उद्या पुन्हा करा. पाच मुलींची शाळा लहानच होती, ती सुरू झाली म्हणून मोठी झाली.

आणि पालकहो, मुलांकडून चूक झाली तर चार लोकांत त्यांना हसू नका. सभा कोठे आहे असे विचारणाऱ्या बाईला रुकय्याबेगम यांनी पुढच्या सभेला बोलावणे थांबवले असते, तर त्यांची अंजुमन कधी उभी राहिली नसती.

आपल्या संस्थेच्या प्रत्येक वर्गात एक-दोन मुलेमुली अशी आहेत, जी आज दाराआड उभी आहेत. त्यांना पहिले पाऊल टाकायला लावण्याची नेक तौफिक अल्लाहतआला आपणा सर्वांना देवो. आमीन.